वॉश ओला असतानाच हाक येते

चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाला लोक जे प्रश्न विचारतात त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे 'तुम्हाला हे सुचतं कसं?', आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या मागोमाग दुसरा येतोच, 'मग हे सगळं जमवता कसं?' पहिल्याचं उत्तर मला येत नाही, आणि येतं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. दुसऱ्याचं मात्र पक्कं येतं. बायकोच्या पगारावर जमवतो. इतकं साधं उत्तर आहे, पण ते दिलं की समोरचा माणूसच ओशाळतो, आणि मग सावरून घेत 'नाही पण तुमचं डेडिकेशन म्हणजे...' असं काहीतरी सुरू करतो.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो, त्यातही मुलांच्या पुस्तकांसाठी जास्त, कव्हरं करतो, मासिकांची कामं घेतो, आणि अधूनमधून स्वतःची म्हणावीत अशी पेंटिंग्ज करून कुठल्यातरी ग्रुप शोमधे लावतो. लेक शाळेत जायला लागलीय, पण शाळा म्हणजे अर्धा दिवस, उरलेला अर्धा दिवस, सगळ्या सुट्ट्या आणि सगळे सर्दी-ताप हे माझ्या खात्यात, कारण बायको ऑफिसला जाते आणि मी 'काय, घरीच असतो'. आता गंमत बघा, हेच काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक शिल्पकार बाई आहेत, त्यांना लोक विचारतात 'मग मुलाकडे कोण बघतं?', आणि मला म्हणतात 'वा, किती करता हो मुलीचं!' प्रश्न तोच आहे, त्यांच्या वाट्याला उलटतपासणी आणि माझ्या वाट्याला टाळ्या. त्या टाळ्या ऐकायला बऱ्या वाटतात हे खोटं कशाला बोलू, पण मुलीची वेणी घातली म्हणून पाठ थोपटली जाते तेव्हा जरा हसूही येतं, कारण हीच वेणी बायकोने घातली तर ती कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

कलाकारांच्या चरित्रांत हा भाग बहुतेकदा गायबच असतो. म्हणजे दारिद्र्य असतं, व्यसनं असतात, प्रेमप्रकरणं तर असतातच असतात, पण चित्रकार आतल्या खोलीत बसून क्रांती करत होता तेव्हा बाहेरच्या खोलीत पोराचं नाक कोण पुसत होतं ते शोधायला गेलं तर तळटीपा धुंडाळाव्या लागतात. म्हणून मला स्वित्झर्लंडमधे जन्मलेला चित्रकार पाउल क्ले फार जवळचा वाटतो, चित्रांसाठी तर वाटतोच पण त्याहून जास्त त्याच्या घरच्या व्यवस्थेसाठी. १९०७ मधे त्याचा मुलगा फेलिक्स जन्मला. क्ले तेव्हा म्युनिकमधे राहत होता, त्याची चित्रं फारशी विकली जात नव्हती, आणि घर चालत होतं ते बायको लिली पियानोच्या शिकवण्या घ्यायची त्यावर. ती शिकवण्या करायची, आणि हा घरी पोर सांभाळायचा, स्वयंपाक करायचा आणि स्वयंपाकघरातच बसून चित्रं काढायचा. बाळाची एक वहीही ठेवली होती त्याने, वजन किती, ताप किती, आज कुठला नवा शब्द बोलला, सगळ्या बारीकसारीक नोंदी. आता या माणसाची मोठी चित्रं आधीच्या काळात जवळजवळ नाहीतच, बरीचशी वहीच्या पानाएवढी. समीक्षक त्यावर सूक्ष्म वगैरे पुष्कळ लिहितात आणि ते बरोबरही असेल, पण मला आपलं वाटतं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी बाजूला सारून, पोर झोपलेलं असताना जेवढं होतं तेवढ्याच मापाचं चित्र निघणार ना! हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

पुढे फेलिक्ससाठी त्याने हातात घालून खेळवायच्या बाहुल्या केल्या, १९१६ पासून १९२५ पर्यंत साधारण पन्नासेक, त्यातल्या तीस आज शिल्लक आहेत. हाताला येईल ते वापरलंय, चिंध्या, प्लास्टर, हाडं, काडेपेट्या, एकीला तर चक्क विजेच्या सॉकेटचं डोकं आहे. या बाहुल्या त्याच्या 'खऱ्या' कामात धरायच्या का नाही यावर मंडळी वाद घालतात. मूल नसतं तर त्या झाल्याच नसत्या हे नक्की, आणि लिलीच्या शिकवण्या नसत्या तर त्याची इतर चित्रं तरी किती झाली असती हा माझा प्रश्न आहे.

लिली चित्रात नाही. पण एक चित्र असं आहे की ज्यात वेळ देणारी व्यक्ती थेट मधोमध बसलीय. बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकार बाईने १८७९-८० च्या सुमाराला काढलं ते. एक बाई बागेत बसून बाळाला अंगावर पाजतेय, पांढऱ्या-हिरव्या फटकाऱ्यांत ती जवळजवळ विरघळलीय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मायलेकरांचं चित्र आहे. बाळ मोरिझोचंच आहे, ज्यूली, १८७८ मधे जन्मलेली. पाजणारी बाई मात्र पगारी दाई आहे. म्हणजे बघा, दोन बायका समोरासमोर बसल्यात आणि दोघी कामावर आहेत, एकीला पाजायचे पैसे मिळतायत म्हणून दुसरीला ब्रश धरता येतोय, आणि ब्रश धरणारी नेमकं हेच रंगवतेय. मोरिझो पैसेवाल्या घरची होती, तिला दाई परवडत होती, आणि तिने ते लपवलं नाही, उलट कॅनव्हासवरच ठेवलं. इतका प्रामाणिक हिशोब मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेला नाही.

बरं, वेळ मिळतो म्हणजे कसला मिळतो हेही सांगायला पाहिजे, कारण बाहेरून वाटतं की मूल शाळेत गेलं की चार तास सलग हातात. सलग काही नसतं. त्यात घर आवरणं असतं, क्लायंटच्या मेल असतात, 'जरा रंग ब्राइट करता येईल का' असतं, बिल पाठवणं, ते पोचलं का विचारणं, मग पेमेंट कधी होईल हे अत्यंत गोड आवाजात विचारणं, हे सगळं असतं. नवीन मुलामुलींना मी एकच सांगतो, अर्धे पैसे आधी घ्या आणि करेक्शन किती वेळा करून द्याल ते काम घेतानाच लिहून द्या, आणि मूळ चित्र विकणं वेगळं, त्याचे छपाईचे हक्क देणं वेगळं, हे लेखी करून घ्या, एकाच्या पैशात दोन्ही देऊ नका. 'सध्या बजेट नाही पण एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. एक्स्पोजरने शाळेची फी भरता येत नाही, मी शाळेत विचारलं नाहीये पण मला खात्री आहे.

तर उरलेल्या वेळात चित्र. आणि इथे माध्यम काय आहे याला फार महत्त्व येतं, ते आर्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. वॉटरकलरचा मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, घ्यायचाय समजा, आकाशाचा. तीनशे जीएसएमचा जाड कागद बोर्डावर ताणून चिकटवलाय, बोर्ड जरासा तिरका, रंग आधीच भरपूर कालवून ठेवलाय कारण मधे पुन्हा कालवायला गेलात की शेड बदलते. वरून सुरुवात केली, ब्रशच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब ओळीने जमून राहतो, तो थेंब सुकू न देता खाली खाली ओढत न्यायचा. कागद चकाकत असतो. जोवर चकाकतोय तोवर तुमचं राज्य आहे. मग ती चकाकी हळूहळू बसते, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतून ओलं असतं, आणि या मधल्या वेळात चुकून जरी भरलेला ब्रश टेकवला तर पाणी मागे सरकतं, आधीचा रंग ढकलत नेतं, आणि आकाशात कोबीच्या पानासारखी कातरलेली कड उमटते. याला आम्ही बॅकरन म्हणतो. आणि अर्ध्यावर सोडून उठलात तर जिथे थांबलात तिथे सरळ पट्टीने आखल्यासारखी रेघ, ती मग कशानेच जात नाही.

आणि बरोब्बर आकाशाच्या निम्म्यावर असताना आतल्या खोलीतून हाक येते. 'बाबाऽऽ, झालीऽऽ!' ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना काय झाली ते सांगायला नको. आता इथे डेडिकेशन काय करणार? मूल तिथे बसलंय, आकाश इथे वाळतंय. (उठायचं. आकाश परत काढता येतं.)

त्यामुळे लेक झाल्यावर माझं माध्यमच बदललं. आधी मी तैलरंगात काम करायचो. तो रंग पाणी उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला पातळ थर असला तरी दिवस लागतात, जाड असला तर महिने, आणि तोवर ते ओलं कॅनव्हास रांगणाऱ्या बाळाच्या घरात ठेवायचं कुठे? कॅडमियम या विषारी धातूचे पिवळे-तांबडे, टर्पेंटाइनचा वास, आणि त्याहून भीती तेलाच्या बोळ्यांची, कारण जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्या तर वाळता वाळता स्वतःच तापतात आणि पेटूसुद्धा शकतात, हे ऐकीव नाही, चांगलं माहिती असलेलं रसायनशास्त्र आहे. ते सगळं बंद. मग ॲक्रिलिक करून पाहिलं, ते इतकं पटकन वाळतं की पोरीला उचलून परत येईपर्यंत ब्रशची काठी होते. शेवटी ग्वाशवर स्थिरावलो. ग्वाश अपारदर्शक असतो, वाळला तरी पाण्याने परत भिजतो, पॅलेटवर वाळून खडा झाला तरी दोन थेंब पाणी टाकलं की उठून बसतो, आणि एकेक सपाट आकार भरत जायचं असल्यामुळे कुठेही थांबता येतं. हा आकार भरला, हाक आली, गेलो, आलो, पुढचा आकार भरला. आता लोक म्हणतात तुमच्या कामात हल्ली फार छान फ्लॅट, ग्राफिक क्वालिटी आलीय, जाणीवपूर्वक केलंत का. मी हो म्हणतो.

हे माझं एकट्याचं नाही. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थला १९३४ मधे तिळी झाली, आधीचा एक मुलगा होताच, म्हणजे चार. १९३९ मधे युद्ध सुरू होताना ती सगळं बिऱ्हाड घेऊन कॉर्नवॉलला गेली, आणि दगड-लाकूड कोरणारी ही बाई त्या काळात दिवसभर पोरं आणि घर बघून रात्री फक्त ड्रॉइंग्ज करायची आणि प्लास्टरचे लहान लहान नमुने, तिने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. दगड मिळत नव्हता, जागा नव्हती, आणि वेळ तर नव्हताच. पुढे त्या ड्रॉइंग्जमधूनच तिची नंतरची शिल्पं निघाली असं म्हणतात आणि मग लगेच कुणीतरी निष्कर्ष काढतं की बघा, मुलांमुळे कला बहरते. मला हा निष्कर्ष अजिबात आवडत नाही. मुलांमुळे कला बदलते एवढंच म्हणता येतं. बहरली की नाही ते, सलग वेळ मिळाला असता तर काय झालं असतं हे ठाऊक असल्याशिवाय कसं ठरवणार? आणि ज्यांचं त्यात बंदच पडलं त्यांच्यावर लेख लिहायला कोणी जात नाही, कारण लिहिण्यासारखं काही उरलेलंच नसतं. अडचणीतून कला फुलते हे वाक्य बहुतेक वेळा ज्यांना अडचण नव्हती त्यांनी म्हटलेलं असतं.

पण मूल घरात असल्याचा एक फायदा मात्र खरा आहे, आणि तो म्हणजे चित्र काढणारा दुसरा माणूस घरात असतो. तोही असा की ज्याला आपण कोण याचं काही पडलेलं नाही. लेक तीनेक वर्षांची असताना सगळ्या मुलांसारखीच माणसं काढायची, एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि त्या गोलालाच खालून दोन पाय. पोट नाही, मान नाही. जगभरातली मुलं तीन-चार वर्षांची असताना असाच माणूस काढतात, कुणी न शिकवता, आणि का काढतात यावर अभ्यासकांमधे अजून एकमत नाही. त्यानंतर मग खाली जमिनीची पट्टी येते, वर आकाशाची निळी पट्टी, आणि मधे सगळा कोरा कागद. मी एकदा म्हटलं, आकाश खालपर्यंत येतं ना गं? तिने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं, 'वर आहे बघ'. यावर वाद घालायला मी पुन्हा कॉलेजात जायला पाहिजे.

मुलांच्या चित्रांत घोड्यावर बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय एकाच बाजूला दिसतात, घराच्या भिंतीतून आतली खाट दिसते, आईच्या पोटातलं बाळ दिसतं. एकावर एक वस्तू येऊ द्यायची नाही हा लहान मुलांचा जवळजवळ कायदाच असतो, प्रत्येक गोष्टीला आपली आपली जागा. मग आठ-नऊ वर्षांच्या पुढेमागे त्यांना एकदम चित्र 'खऱ्यासारखं' यायला हवं असतं, ते येत नाही, आणि 'मला नाही येत चित्र' म्हणून बहुतेक जण कायमचं सोडून देतात. तुम्ही हे वाचताय त्यातल्या बऱ्याच जणांचं शेवटचं चित्र त्याच वयातलं असणार. आमच्याकडे ते वय अजून यायचंय आणि मला त्याची थोडी धास्ती आहे, म्हणजे ती चित्रकार व्हावी असं काही नाही, होऊ नये असंच मनातून वाटतं, बायकोसारखी पगाराची नोकरी करावी. फक्त येत नाही म्हणून सोडू नये.

यात मोठ्यांचा वाटा किती आणि सामानाचा किती हा माझा आवडता वादाचा विषय आहे. मुलांसाठी म्हणून जे रंग विकतात त्यातल्या बऱ्याचशांत रंगद्रव्य नावाला आणि पांढरी भर जास्त. निळा घेतला की मळकट निळसर उमटतो, दोन रंग मिसळले की राखाडी चिखल, कागद इतका पातळ की पाणी लागलं की गोळे सुटतात आणि ब्रशचे केस चित्रातच राहतात. मी त्या सामानात काम केलं तर माझंही चित्र बिघडेल. पण मूल समजतं की आपल्यालाच येत नाही. चोवीस रंगांच्या डब्यापेक्षा तीन-चार बऱ्या ट्यूब घ्याव्यात, एक पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, एक निळा, एक पांढरा, आणि जाड कागद द्यावा, भले अर्धाच द्या. पहिल्यांदा पिवळ्यात निळा पडून हिरवा झाला तेव्हा लेकीने मला ओरडून बोलावलं होतं, तिला वाटलं तिने शोध लावला, आणि मी काही तो शोध आधीच लागलाय असं सांगितलं नाही.

आणि तिच्या कागदावर मी हात लावत नाही. 'बाबा, हत्ती काढून दे' म्हणाली तर माझ्या कागदावर माझा हत्ती काढतो, शेजारी बसून. तिच्या कागदावर काढून दिला तर तो तिथला सगळ्यात चांगला हत्ती होणार आणि मग तिचा हत्ती मरणार. सुरुवातीला चिडायची, आता माझ्या हत्तीकडे बघून 'तुझ्या हत्तीला काहीच करायचं नाहीये, नुसता उभाय' असं म्हणते. खरं होतं ते.

हे मला पुढे एका कामात नडलं. एका क्लायंटचा ब्रीफ आला, चित्रं 'लहान मुलाने काढल्यासारखी' हवीत. म्हटलं हे तर आपल्या घरचंच. डाव्या हाताने काढून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, क्रेयॉन मुठीत धरून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी दिसायचं काय तर मोठ्या माणसाने डाव्या हाताने काढलेलं चित्र. रेघ थरथरली तरी कुठे जाऊन थांबायचंय ते तिला माहीत असायचं. मग लेक काढताना नीट बघत बसलो. ती काढताना सतत बोलते. हे घर, हा कुत्रा, कुत्रा बाहेर आला, आता पाऊस आला, आणि पाऊस आला म्हणून घरावर, कुत्र्यावर, सगळ्यावर निळ्याने घसाघसा रेघा, घर दिसेनासं होईपर्यंत. मी मनातल्या मनात हळहळतोय की अगं कुत्रा फार सुंदर आला होता. पण तिच्या लेखी तो कागद म्हणजे चित्र नव्हतंच, ती एक घडत असलेली गोष्ट होती, पाऊस पडला तर सगळं भिजणारच. याची नक्कल हाताला येणं शक्य नाही, कारण माझं अर्धं लक्ष पहिल्या रेघेपासून शेवटी कसं दिसेल याकडे असतं. क्लायंटला सांगितलं, एक तर खऱ्या मुलांकडून काढून घ्या, त्यांचं नाव छापा आणि त्यांना पैसे द्या, नाहीतर माझ्या पद्धतीचं घ्या. त्यांनी माझ्या पद्धतीचं घेतलं. मुलांना पैसे द्यायचे म्हटल्यावर त्यांचा त्या शैलीतला रस एकदम कमी झाला असावा.

हल्ली तर रेफरन्स म्हणून मशीनने बनवलेली चित्रं पाठवतात, 'असंच हवंय, फक्त बोटं नीट करा.' यावर माझी मतं आहेत पण ती छापण्याजोगी नाहीत, पुढे जाऊ.

मुलांना कामात वापरायचं का, हा प्रश्न मला खरोखर छळतो. केटे कोलवित्स या जर्मन चित्रकार बाईचं १९०३ चं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र, आहे, मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली बाई. बाईचं शरीर प्राण्यासारखं वळलंय, तोंड मुलाच्या छातीत खुपसलंय. त्यासाठी ती आपल्या सात वर्षांच्या पेटरला हातात धरून आरशासमोर बसली आणि तसं स्वतःला रेखाटलं. सात वर्षांचं पोर म्हणजे वजन असतं हो, अवघडून ती कण्हली तर त्यानेच तिला धीर दिला की आई, हेही सुंदर होईल. पुढे १९१४ मधे हाच पेटर, अठरा वर्षांचा, पहिल्या महायुद्धात सुरुवातीलाच मारला गेला, आणि त्याच्या स्मारकासाठी गुडघ्यांवर बसलेल्या आईवडलांची दोन शिल्पं पूर्ण करायला तिला १९३२ उजाडलं. बेल्जियममधल्या लष्करी दफनभूमीत ती आहेत. हे सगळं कळल्यापासून ते एचिंग मला नीट बघताच येत नाही. आणि तरी, चित्रकार म्हणून विचाराल तर, तिने पेटरला धरलं नसतं तर ते वजन त्या रेघांत आलं असतं का? नसतं आलं. म्हणून मला याचं उत्तर देता येत नाही, मी फक्त एवढं बघतो की पेटरला काय चाललंय ते माहीत होतं आणि तो त्यात सामील होता.

आमच्याकडे लेक आधी मॉडेल म्हणून आनंदाने बसायची, आता नाही म्हणते, विषय संपला. तिची चित्रंही मी तिला विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकत नाही, आणि विचारलं की ती बहुतेक वेळा नकोच म्हणते, कारण विचाराल तर 'ते आईसाठी आहे'. चित्रकाराच्या मुलीची चित्रं म्हणून लाइक्स भरपूर मिळाले असते याची मला कल्पना आहे. पण मी माझं काम विचारल्याशिवाय उचलणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडतो, मग घरात वेगळा नियम कसा लावू? ठेवतो मात्र सगळी, अंधारात, फ्लॅट फाइलमधे, म्हणजे कागद आडवे सपाट ठेवायच्या खणात, कारण स्केचपेनची शाई बहुतेक डायची, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची असते, उजेडात भराभर उडते, फ्लोरोसंट तर सगळ्यात आधी जातात. फ्रिजवर लावलेलं चित्र वर्षभरात फिकं पडतं ते त्यामुळेच. जे फार आवडतं ते लगेच स्कॅन करून ठेवा, भिंतीवर प्रिंट लावा. क्लेला १९०२ मधे स्वतःची लहानपणची चित्रं घरी सापडली आणि पुढे स्वतःच्या कामांची यादी करायला घेतली तेव्हा त्यातली काही त्याने त्या यादीत घातली. कुणीतरी ती फेकली नव्हती म्हणून.

तर मुद्दा तोच, 'कुणीतरी'चा. गेल्या ग्रुप शोच्या कॅटलॉगसाठी आयोजकांनी परिचय मागितला. शिक्षण, प्रदर्शनं, वगैरे नेहमीचं लिहिलं आणि शेवटी एक वाक्य घातलं, 'ही चित्रं माझ्या पत्नीच्या पगारावर झाली आहेत'. फोन आला, म्हणाले जरा ऑड वाटतं, काढूया का? म्हटलं का, प्रायोजकाचा लोगो तर मुखपृष्ठावर छापलाय तुम्ही, तो ऑड नाही वाटत? हो हो म्हणाले, विचार करतो म्हणाले. छापून आलं तेव्हा वाक्य होतं, 'कुटुंबीयांच्या मोलाच्या सहकार्याने'. बायकोने कॅटलॉग चाळला, ते वाचलं आणि म्हणाली, कुटुंबीय म्हणजे यात तुझ्या आतेभावाचा पण वाटा आला का? पुढच्या शोला परिचय मी चित्राच्या मागे पेन्सिलने लिहिणार नाहीये, चित्राच्या शेजारच्या लेबलवरच लिहिणार आहे, कागदावर ग्वाश, त्याच्या खाली माप, आणि त्याच्या खाली तिचं नाव. लेबलं छापायचं काम या वेळी माझ्याकडेच आलंय.